चमचाभर म्हणजे किती?

"काका, आमच्या गोळ्यांखेरीज आणखी काही घेता का?" मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मामा म्हणाले.

मामीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे. पिशवीत हिरव्या झाकणाची डबी होती आणि डबीत खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण. मामा गेले सात महिने ते सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घेत होते. डबीवर लिहिलं होतं, एक चमचा, दिवसातून दोनदा. बस, एवढंच.

मामांना पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली. सगळी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. फळ्यावरचं अक्षर असं, की पोरं ते पुसायला कचरत. आजाराची पहिली खबरही अक्षरानंच दिली. बँकेत सही जुळेना. पहिलं अक्षर नेहमीएवढं, दुसरं त्याहून लहान, आणि आडनावापर्यंत पोचेस्तोवर कागदावर मुंग्यांची रांग. हात थरथरायला लागला तो नंतर.

त्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो होतो ते वेगळ्याच तक्रारीसाठी. मामांची मान आणि खांदे आपोआप डुलायला लागले होते. अंथरुणातून उठलं की भोवळ येत होती. डॉक्टर गोळ्यांचा हिशोब पुन्हा पुन्हा मांडत होते आणि तो लागत नव्हता, कारण अर्धा हिशोब मामीच्या पिशवीत होता. शेवटी मामीनंच डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

आजचं सदर त्या डबीबद्दल.

सुरुवातीलाच एक सांगतो. खाजकुइलीला थोतांड म्हणणारे चुकतात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ती चांगलीच ठाऊक आहे. पावसाळा सरला की वेलावर तपकिरी, मखमली लवेच्या शेंगा लटकतात, आणि ती लव अंगाला लागली की माणूस रक्त येईस्तोवर खाजवतो. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात, आत्मगुप्ताही म्हणतात. शेंगेतल्या बीत मात्र खरा ऐवज आहे. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढून दाखवलं. हे लेव्होडोपा पार्किन्सनवरच्या गोळीतलं मुख्य औषध आहे. आज जगभरातले रोगी ते घेतात. मामाही घेतात.

तेव्हा या पदार्थाचा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. त्याआधी १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञानं तो बाकल्याच्या शेंगांतून काढला होता. अडीच ग्रॅम स्वतःच गिळून पाहिला आणि भडाभडा ओकला. शेंगेतून आलेला, शंभर टक्के नैसर्गिक पदार्थ होता तो. 'नैसर्गिक आहे, काही अपाय होत नाही' असं छापणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवावी.

उपयोग कळायला १९५७ साल उजाडलं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसरपिन दिलं. ससे जागच्या जागी थिजले. मग लेव्होडोपाची सुई दिली आणि ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. हे रिसरपिन आलं होतं आपल्या सर्पगंधेच्या मुळातून. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात निबंध लिहून ही सर्पगंधा रक्तदाबावरचं औषध म्हणून जगापुढे आणली होती. पुढे ते औषध घेणाऱ्या काही रोग्यांमध्ये पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली. म्हणजे एका वनस्पतीनं सशांना थिजवलं, आणि दुसरीच्या बियांत असलेल्या द्रव्यानं त्यांना सोडवलं. दोन्ही नैसर्गिक. वनस्पती बरी की वाईट हे 'नैसर्गिक' या शब्दावरून ठरत नाही. कोणती, कुणाला आणि किती, यावरून ठरतं.

पुढचं वेगानं घडलं. १९६० साली व्हिएन्नात होर्निकिएविच यांनी पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचं दाखवलं. पुढच्याच वर्षी रोग्यांना लेव्होडोपाची सुई दिली गेली. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये कोट्झियास यांनी मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि ते तोंडावाटे देता येतं हे सिद्ध केलं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

आता गोळीतलं दुसरं नाव, कार्बिडोपा. डोपामिन थेट मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं. पण नुसतं लेव्होडोपा घेतलं तर बहुतेक सगळं आतड्यात आणि रक्तातच डोपामिन होऊन बसतं. मळमळ, उलटी, रक्तदाब उतरणं हे सगळं या गळतीमुळे. कार्बिडोपा ही गळती थांबवतं, म्हणून थोडक्या लेव्होडोपात काम भागतं. बियांच्या चूर्णात कार्बिडोपा नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती मामांच्या घरात येणार आहे.

चूर्ण काम करतं याला पुरावा आहे का? आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली. १९७८ साली डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुइली पार्किन्सनच्या रोग्यांना देऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ साली ६० रोग्यांना बारा आठवडे बियांपासून बनवलेली पूड दिली गेली. साडेसात ग्रॅमची एक पुडी, पाण्यातून, दिवसातून तीन ते सहा वेळा. लक्षणं कमी झाली. मग २००४ साली लंडनमध्ये आठ रोग्यांवर कसून चाचणी झाली. आपल्याला काय दिलंय हे रोग्यांना ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. पुडीचा असर सुमारे ३५ मिनिटांत सुरू झाला, गोळीला ६९ मिनिटं लागली. पुडीचा असर गोळीपेक्षा ३७ मिनिटं जास्त टिकला. त्यासाठी पूड लागली ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा. समोरच्या गोळ्यांत होतं फक्त २००.

त्यानंतर बोलिव्हियात. गरीब देशांत गोळी परवडत नाही अशांसाठी काही मार्ग निघतो का, हे पाहायला इटालियन डॉक्टर तिथं गेले. २०१७ सालच्या चाचणीत १८ रोग्यांना एकेक मात्रा दिली, चूर्ण गोळीच्या तोडीस तोड ठरलं. २०१८ साली १४ जणांना ते रोजच्या रोज, आठवडेच्या आठवडे दिलं. त्यातल्या सात जणांनी अर्ध्यावर सोडलं. चौघांना पोटाचा त्रास सोसवेना, तिघांची हालचाल बिघडत गेली.

एक मात्रा घेऊन बरं वाटणं आणि रोज घेऊन संसार चालवणं यात इतकं अंतर आहे. जाहिरातवाला पहिली चाचणी सांगतो. दुसरी दडपतो.

आणि माणसं मोजा. आठ, अठरा, चौदा. या तिन्ही चाचण्यांतली सगळी माणसं एका एसटीत बसतील. एवढ्यावर लाखोंचं औषध ठरत नाही. हा अडेलतट्टूपणा नव्हे, याच आजारानं शिकवलेला धडा आहे. कोएन्झाइम क्यू-टेन हे असंच आहारपूरक म्हणून विकलं जाणारं द्रव्य. २००२ साली ८० रोग्यांवरच्या चाचणीत त्यानं आजाराचा वेग कमी केल्यासारखं दिसलं. घरोघर आशा पालवली. मग ६०० रोग्यांवर चाचणी झाली, ती निरुपयोगी म्हणून मधेच थांबवावी लागली आणि २०१४ साली निष्कर्ष छापून आला. फायदा शून्य. ८० माणसांत उजळलेला दिवा ६०० माणसांत विझला.

क्रिएटिनचंही तेच झालं. १७४१ रोगी, रोज दहा ग्रॅम, वर्षानुवर्षं. फायदा नाही. 'ई' जीवनसत्त्वाचं तर १९९३ सालीच कळलं होतं. ८०० रोगी, फायदा नाही. तरी या तिन्हींच्या बाटल्या आजही 'मेंदूच्या आरोग्यासाठी' म्हणून विकल्या जातात. चाचणीत नापास झालेल्या औषधाला दुकानातून काढणारं कुणी नाही, याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

"पण आमच्या शेजारच्या काकांना फरक पडला!" पडला असेल. पार्किन्सनमध्ये नुसत्या आशेनंही फरक पडतो, आणि तो मनाचा खेळ म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००१ साली व्हँकुव्हरच्या शास्त्रज्ञांनी रोग्यांना औषध नसलेली सुई दिली आणि मेंदूची चित्रं काढली. औषध मिळालं या भरवशावर मेंदूनं स्वतःचं डोपामिन सोडलं होतं. म्हणून या आजारात शेजारच्या काकांचा अनुभव खरा असतो, पण तेवढ्यानं तो पुरावा होत नाही. काकांशी कुणी खोटं बोललेलं नाही, काकाही खोटं बोलत नाहीत. तरी तुलना हवी. आंधळी हवी, म्हणजे देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही कळू नये अशी.

आता डबीकडे येऊ. २०२२ साली अमेरिकेत खाजकुइलीची १६ उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली. डबीवर सांगितलेल्या मात्रेत लेव्होडोपा किती निघालं? कुठे २ मिलिग्रॅम, कुठे २४१. वनस्पतीचं नाव तेच, चित्र त्याच शेंगेचं, आणि आतल्या औषधात शंभर पटींहून जास्त फरक. एका डबीनं काहीच होणार नाही. दुसरीनं माणूस स्वयंपाकघरात कोसळू शकतो. बऱ्याच डब्यांवर तर लेव्होडोपाचा आकडाच नव्हता.

मामांच्या डबीवरही नाही.

त्या संध्याकाळी मामीच्या ओट्यावर मी वजनकाटा मांडला, केकसाठी मैदा मोजायचा असतो तो. मामीला म्हटलं, रोज घालतेस तसा चमचा घाल. तिनं शिगेचा चमचा भरला. पाच ग्रॅम. मग सुरीच्या पात्यानं शीग उतरवून सपाट केला. तीन ग्रॅम. "जरा जास्तच घालते," मामी म्हणाली, "बरं वाटावं म्हणून." त्या शिगेत तिची माया होती आणि माया मोजायचा काटा मला नको होता. पण औषध मोजायलाच हवं. बियांत साधारण चार ते सहा टक्के लेव्होडोपा असतं. म्हणजे शिगेच्या चमच्यात दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असू शकतं. मामांच्या एका गोळीत शंभर आहे.

आणि मघाचं कार्बिडोपा? गोळीतलं कार्बिडोपा गोळीपुरतं थांबत नाही. पोटात आलेल्या चूर्णातल्या लेव्होडोपाचीही गळती ते थांबवतं. नुसतं चूर्ण घेतलं तर वाया जाणारा माल गोळीच्या जोडीनं घेतला की मेंदूपर्यंत पोचतो. डॉक्टर एका माणसाला एक मात्रा देत होते, घरात त्याला दुसरीच मिळत होती. मान डुलण्याचं आणि भोवळ येण्याचं कारण बहुधा हेच, असं डॉक्टर म्हणाले.

यात दोष कुणाचा? मी एकेकाला विचारतो.

डबी विकणाऱ्यांनो, एक तर हे औषध आहे किंवा नाही. औषध असेल तर दर ग्रॅमला लेव्होडोपा किती ते छापा, कोणत्या गोळ्यांबरोबर घेऊ नये ते छापा. औषध नसेल तर थरथरत्या हाताचं चित्र डबीवरून काढून टाका. 'साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य तर आधी खोडा. जे मेंदूत जाऊन काम करतं ते वाटेत पोटालाही भेटतं आणि रक्तदाबालाही. आणि 'मुळापासून बरा' म्हणू नका. लेव्होडोपा गोळीतलं असो की बियांतलं, ते लक्षणं हलकी करतं. मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबतात असं आजवर कुठल्याही चूर्णानं किंवा गोळीनं सिद्ध केलेलं नाही. आपल्याकडे १९५४ सालापासून चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा आहे आणि त्याच्या यादीत मेंदूचे विकार आहेत. कायदा सत्तर वर्षांचा झाला, अंमलाचं काय?

डॉक्टरांनो, तुम्हालाही सांगायचंय. मामा खोटं का बोलले माहीत आहे? आधीच्या एका दवाखान्यात त्यांनी हेच चूर्ण दाखवलं होतं. "असलं काही घ्यायचं नाही," एवढं बोलून डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. मामांनी चूर्ण सोडलं नाही, सांगणं सोडलं. ज्या बीत तुमच्या गोळीतलंच औषध असतं तिला 'असलं काही' म्हणणं अज्ञान आहे. दोन मिनिटं द्या. का घेता, किती घेता, केव्हा घेता, एवढं विचारा.

घरच्यांनो, फोनवर पुढे पाठवलेला प्रत्येक निरोप म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. तुम्ही भाचा असाल, सून असाल, मुलगा असाल, डबी आणण्याआधी गोळ्यांची यादी वाचा. आणि चूर्णावर भरवसा ठेवून गोळी एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. बरेच दिवस घेतलेलं चूर्णही मनानं तोडू नका. चढवताना आणि उतरवताना डॉक्टर सोबत हवेत.

गोळी महाग म्हणून चूर्ण घेणारे असतील तर त्यांनी हेही पाहावं. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. बोलिव्हियातल्या डोंगरातल्या माणसाची अडचण वेगळी आहे, त्याच्यासाठी बी भाजून दळणं हा शोधण्यासारखा मार्ग आहे आणि तो शोधणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मामांची डबी मात्र त्यांच्या महिन्याच्या गोळ्यांपेक्षा महाग निघाली.

आणि जे फुकट आहे ते आपण करतच नाही. गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवणं फुकट आहे. डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दारानं आत जातात. दारात गर्दी झाली की औषध बाहेर राहतं. मामा सकाळची गोळी मुगाच्या धिरड्याबरोबर घ्यायचे आणि दहा वाजेपर्यंत खुर्चीतून उठता येत नाही म्हणून चूर्ण वाढवायचे. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला लागल्यावर निम्मी तक्रार गेली. लोहाच्या गोळीचंही तसंच, तिला लेव्होडोपापासून लांब ठेवावं लागतं.

व्यायामही फुकट आहे. २०१८ साली अमेरिकेत १२८ नव्या रोग्यांवर चाचणी झाली. धाप लागेल इतक्या जोरानं फिरत्या पट्ट्यावर चालणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास होती तिथंच राहिली, नेहमीसारखंच राहणाऱ्यांची वाढली. ही चाचणीही छोटीच, हे मी खाजकुइलीला लावला त्याच काट्यानं सांगतो. पण चालण्याची मात्रा घरात मोजता येते. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. तिथं माणसं एकत्र येतात, चालतात, बोलतात आणि घरी आणलेली डबी एकमेकांना दाखवतात. लपवत नाहीत.

खाजकुइलीवर माझा राग नाही. उलट मला तिची मोठी चाचणी हवी आहे. शेकडो रोगी, वर्षभराची देखरेख, दर पुडीत ठरलेलं लेव्होडोपा, आणि ती आपल्याकडे व्हावी. बी आपली, १९३७ चं काम आपलं, १९७८ चं मुंबईतलं काम आपलं. वारसा सांगायचा तर तो वैद्य-वाडियांच्या मोजमापाचा सांगावा. त्यांनी चूर्ण दिलं आणि मोजलं. आपण चूर्ण ठेवलं आणि मोजणं टाकून दिलं.

मामांचं आता काय? डॉक्टरांनी चूर्ण तीन आठवड्यांत हळूहळू उतरवलं, गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि सगळं लिहून ठेवायला सांगितलं. मी साधी वही नेली होती. मामांनी ती परत केली आणि दुरेघी आणायला सांगितली, पहिलीतल्या पोरांची असते तशी. दोन रेघांच्या मधे लिहिलं की अक्षर लहान होत जात नाही, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. चाळीस वर्षं ज्या रेघांत त्यांनी पोरांचा हात बसवला, त्याच रेघांत आता ते स्वतःचा हात धरून ठेवतात.

वहीचं पहिलं पान माझ्यासमोर आहे. गोळीची वेळ, आठ. मात्रा, १००. जेवण, पावणेनऊ. चालणं, वीस मिनिटं. पुढच्या रकान्यात आधी लिहिलंय 'चूर्ण १ चमचा'. ते खोडून वर 'चूर्ण ५ ग्रॅम'. आणि त्याखाली दोन रेघांच्या मधे, सावकाश, ठसठशीत काढलेलं: 'लेव्होडोपा ?'

मास्तरांनी काढलेलं ते प्रश्नचिन्ह आहे. उत्तर डबी विकणाऱ्यानं लिहायचं आहे.